कंबर असलेला ड्रेस

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तू लॅबमधून बोलतेस, मागे ते रक्त फिरवायचं मशीन घरघरत असतं, आणि मी काही सांगायला लागलो की तू म्हणतेस, "मुद्द्याचं बोल." म्हणून हे पत्र. शिवाय पार्सल पाठवायचंच होतं, आणि चिठ्ठी नसती तर तू ते फडकं समजून टेबल पुसायला घेतलं असतंस.

ते फडकं नाही. तो तुझ्या लग्नाचा कोट आहे. म्हणजे कच्चा नमुना, मापं बघण्यापुरता. आत दोन कोट आहेत, एक तुझा आणि एक भावोजींचा. कुठला कोणाचा हे लिहिलेलं नाही, कारण दोन्ही अगदी सारखे आहेत. हाच माझ्या शेवटच्या वर्षाचा विषय: "कोणाचाही". मंजूर झाला! मॅडमनी तीनदा परत पाठवला होता, चौथ्यांदा कंटाळून सही केली.

तुला सोप्या भाषेत सांगतो. कपडा कापताना आपण बगलेला, गळ्याला, कमरेला गोलाई देतो. ती कात्रणं कचऱ्यात जातात. आणि त्या गोलाईमुळेच तो कपडा एका माणसाचा होऊन बसतो. बाईचा असला तर बाईचाच. पुढे अंग बदलतं, आवड बदलते, मग तोही कचऱ्यात. आधी चिंध्या, मग अख्खा कपडा. म्हणून मी गोलाईच काढून टाकली. नुसते चौकोन, आणि आतून ओवलेले बंद. बंद ओढायचे आणि आपल्या अंगाएवढा करून घ्यायचा. कात्रण शून्य. आज तू घाल, उद्या भावोजी घालतील.

तुला तुझा पिवळा स्वेटर आठवतो का? तुला आखूड झाला तेव्हा मला तो इतका हवा होता. धड होता, ऊबदार होता. आईने शेजारच्या मुलीला देऊन टाकला आणि माझ्यासाठी नवा निळा आणला. का, तर पिवळ्याची बटणं मुलींच्या बाजूला होती! मला वाटतं माझं सगळं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

कापड म्हणजे एका हॉटेलने टाकून दिलेल्या चादरी. राखाडी रंगवणार आहे. तुमचं लग्न आणि माझी ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोरची शेवटची परीक्षा, एकाच आठवड्यात येतेय, म्हणून मी मॅडमना सांगूनही टाकलंय की खरे नवरा-नवरी हे कोट घालून लग्नाच्या रजिस्टरवर सही करायला जाणार आहेत आणि त्यांचा फोटो माझ्या भिंतीवर लागणार आहे. वर्गातली पोरं जळून खाक झाली.

मी स्वतः हल्ली पँटवरून घेर गुंडाळून कॉलेजला जातो. लोक स्कर्ट म्हणतात, म्हणोत. चालताना पायांना वारा लागतो, फार बरं वाटतं. लग्नाला तोच घालीन, नवा शिवून.

भावोजींची मापं लवकर पाठव. दातांच्या डॉक्टरांचे खांदे सारखं वाकून पुढे आलेले असतात म्हणे, खरं का?

तुझा (की तुझी? नाव तूच ठेवलंयस)
भिंगरी


२२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

पार्सल मिळालं. शिलाई सुबक आहे, लहानपणी चेंडू उसवायचास तो तूच का, असं वाटलं. बंदांची कल्पना हुशार आहे. मी घालून पाहिला.

पण लग्नात नको रे. मला काही नाही, पण यांच्या घरची माणसं सरळ आहेत. यांनी नमुना पाहिला आणि म्हणाले, "हे काय, ऑपरेशनला जायचंय का?" तोंडावर हसले, पण मला कळलं. त्यांच्या आईंना तर हे असलं समजावून सांगणं म्हणजे डोकंफोड. एकच दिवस आहे, तो निभावून नेऊ. नंतर घरात घालू की आपण, कोण बघतंय.

आणि लग्नाला येशील तेव्हा साधी पँट आणि शर्ट घाल. माझ्यासाठी. यांना तसं आवडणार नाही.

बाबा विचारत होते, तू नीट जेवतोस का. म्हणजे आईने विचारलं, पण बाबा पेपर खाली ठेवून ऐकत होते.

मापं नंतर पाठवते. सध्या लॅबमध्ये फार काम आहे.

तुझी ताई


३० ऑगस्ट

ताई,

यांना आवडणार नाही, यांच्या आईंना समजणार नाही. आणि तुला? तुला "काही नाही." तुझ्या पत्रात तू कुठे आहेस तेच मी शोधतोय.

दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालणाऱ्या माणसाला माझ्या कोटाची लाज वाटते काय? त्यांना सांग, ते स्वतः बंद बांधलेला एप्रन घालून बसतात, तो काय मर्दानी असतो? तोंड बांधून बोलतात ते वेगळंच. आणि असल्या माणसाशी तू लग्न करतेयस? ज्याच्या आवडीनिवडीसाठी तू भावाला कपडे बदलायला सांगतेस?

इथे माझं काही ठिकाणावर नाही. काल पहिली तपासणी झाली. मॅडमनी कोट डमीवरून काढला, दोन्ही हातांनी उचलून धरला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हा कोणाचाही आहे, म्हणजे अजून कोणाचाच नाही. माणसं कुठायत?" मी म्हटलं, "येणार आहेत, माझी बहीण आणि भावोजी." त्या म्हणाल्या, "त्यांना विचारलंय?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी शिवतो आणि उसवतो, शिवतो आणि उसवतो. बसवत नाही, झोपवत नाही. वर्कशॉपच्या खिडकीपाशी नुसत्या येरझारा घालतो. मशीनवर बसलो की बॉबिनवरचा दोरा संपेपर्यंत टाके घालतो आणि मग दिसतं की बाही उलटी लावलीय.

मी घेर सोडणार नाही. पँट-शर्टमधला भाऊ पाहिजे असेल तर दुकानातून आण. मी लग्नाला येत नाही.

भिंगरी


७ सप्टेंबर

भिंगऱ्या,

असं तोडून बोलू नको. तुझ्याशिवाय लग्न कसं होईल? साक्षीदार म्हणून सही तुझीच हवी, मी केव्हापासून ठरवून ठेवलंय.

तू ये. फक्त कोणी विचारलं तर कापड कारखान्याचं शिकतोय म्हण. यंत्रं वगैरे. मी सगळ्यांना तसंच सांगितलंय, त्यामुळे तू वेगळं काही बोललास तर गोंधळ होईल. खोटं थोडंच आहे, कापडच आहे ना शेवटी.

यांच्यावर रागावू नको. माणूस वाईट नाही.

ताई


५ ऑक्टोबर

सप्रेम नमस्कार.

आपली भेट झालेली नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मी तुमच्या ताईचा होणारा नवरा, दातांचा डॉक्टर. तुमचा पत्ता पार्सलच्या खोक्यावरून घेतला. हे पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही. तसं करणं बरं नव्हे, पण मला दुसरा मार्ग सुचला नाही.

रविवारी आम्ही नव्या घरात सामान लावत होतो. ती बाजारात गेली होती. "पुस्तकं" असं लिहिलेलं एक खोकं मी उघडलं, तर त्यात पुस्तकं नव्हतीच. वर दोन पांढरे कोट होते आणि खोक्यावर तुमच्या कॉलेजच्या वस्त्ररचना विभागाचा शिक्का. मला तर सांगितलं होतं की तुम्ही सूतगिरणीतली यंत्रं शिकता. मी त्याबद्दल बरेच प्रश्नही काढून ठेवले होते, भेटल्यावर बोलायला विषय हवा म्हणून.

त्यातला एक कोट मी घालून पाहिला. बरा बसला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही घातला, म्हटलं बघू तरी. बाह्या लांब आहेत, सारख्या उपकरणांत अडकत होत्या, शेवटी रबर लावून वर केल्या. एक आजीबाई खुर्चीत होत्या. तोंडात कापूस, बोलता येईना, पण माझ्या कमरेच्या बंदांकडे बोट दाखवून त्या पोटभर हसल्या. आरशात बघून मलाही जरा हसू आलं. खोटं कशाला सांगू? लग्नात हा घालायची माझी हिंमत झाली असती की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. पण मला कोणी विचारलंच नाही.

विचारायचं होतं ते हे. ती सांगते की तुमची परीक्षा आहे म्हणून तुम्ही लग्नाला येणार नाही. हे खरं का? की माझ्याकडून काही चुकलंय? तसं असेल तर स्पष्ट लिहा, मी राग मानणार नाही.

तुमचा,
होणारा भावोजी

ता. क. माझे खांदे पुढे आलेले आहेत. तुम्ही ते कसं ओळखलंत? मागचा भाग अगदी बरोबर पडला.


१० ऑक्टोबर

ताई,

भावोजींचं पत्र आलं. तू बाजारात गेली होतीस तेव्हा त्यांनी खोकं उघडलं. ते "ऑपरेशनला जायचंय का" असं कधीही म्हणाले नाहीत. त्यांनी तोपर्यंत कोट पाहिलाच नव्हता.

मी इकडे त्या बिचाऱ्या माणसाला महिनाभर शिव्या घालतोय. वर्गातल्या सगळ्यांना सांगून झालंय की माझे भावोजी कसे जुनाट आहेत.

लाज त्यांना नाही वाटत. त्यांच्या आईंनाही नाही. मी परीक्षेमुळे येत नाहीये हे तू परस्पर ठरवलंस. मी यायचं नाही म्हटल्यावर तुला बरंच वाटलं असेल, नाही?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.


२६ ऑक्टोबर

भिंगरी,

उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी मी स्वतःला सोडवत होते.

बरं वाटलं. हो. तू येणार नाहीस असं लिहिलंस तेव्हा आधी रडू आलं आणि लगेच बरं वाटलं. दोन्ही एकदम.

मे महिन्यात तुमच्या कॉलेजच्या कार्यक्रमाचा फोटो कुणीतरी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवत होतं. तू त्यात होतास, घेर घालून, हात पसरून. एक जण म्हणाली, "हे काय ध्यान!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तिने आडनाव वाचलं आणि विचारलं, "तुमच्यातला का गं?" मी म्हटलं, "असेल कोणी लांबचा." नंतर मी स्लाइडवर डोळा लावून बसले आणि मला काहीही दिसेना. तिथून पुढे खोटं बोलणं सोपं गेलं. यांना यंत्रं सांगितली, तुला "यांना आवडणार नाही" सांगितलं. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही, त्याला मी तुझ्यासमोर राक्षस करून उभा केला.

यांना मी सगळं सांगितलं. त्यांना तुझ्या कपड्यांचं काही वाटलं नाही, पण आपलं नाव परस्पर वापरलं याचं फार लागलं. म्हणाले, "उद्या आणखी कशाकशाला माझं नाव लावशील?" तेव्हापासून फोन नाही. नव्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, पण तिकडे जाववत नाही. लग्नाचं काय होणार, खरंच ठाऊक नाही.

एवढं कबूल केल्यावर आता तुझंही ऐकून घे.

तू मला पानंच्या पानं लिहिलीस. चौकोन, चिंध्या, बटणं, भिंत, ज्युरी. लग्नात मला काय घालायचंय, हे एकदा तरी विचारलंस? तू तर मॅडमना हो सांगून मोकळा झालास. मी रोज पांढऱ्या कोटात असते. आमच्याकडे पुरुषांना आणि बायकांना तोच कोट, तुझ्या स्वप्नातला, कोणाचाही. गुडघ्यापर्यंत पिशवी. त्यात मी आहे की खुंटी आहे, कुणाला कळत नाही. पेशंट तर मला बघतसुद्धा नाहीत, सुईकडे बघतात. त्या एका दिवशी मला दिसायचं होतं रे. मला लाल हवा होता. कंबर असलेला हवा होता. खाली झालर हवी होती, भरपूर, वळले की फिरणारी. तुझा तो पांढरा चौकोन घालून मी आरशासमोर उभी राहिले आणि वाटलं, इथेही मी नाहीच.

हे तुला सांगायची मला भीती वाटली. वाटलं, तू म्हणशील, ताई मागासलेली आहे. तुला घेर आवडतो तेव्हा ते धाडस, आणि मला झालर आवडली तर?

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

तू हसलीस ते वाचून मी वर्कशॉपमधून उठून बाहेर गेलो आणि कॉलेजच्या भिंतीला लागून असलेल्या रस्त्याने शेवटपर्यंत चालत गेलो. परत आलो, पुन्हा वाचलं, पुन्हा गेलो. अजून दुखतंय. ते लगेच जाणार नाही, आणि गेलंय असं मी तुला खोटं लिहिणार नाही.

झालरीचं मात्र तू बरोबर बोललीस. मी तसंच म्हटलं असतं.

मॅडमना जाऊन खरं सांगितलं की मी कोणालाच विचारलं नव्हतं. मला वाटलं बोलतील. त्या म्हणाल्या, "मग आता विचार."

म्हणून विचारतो. कंबर किती? छाती, खांदा, कमरेपासून घोट्यापर्यंत उंची, सगळं लिही, आणि टेप घट्ट ओढून खोटं माप देऊ नको. घेर किती मोठा हवा? खिसे हवेत का? (हवेतच.)

कापड सापडलंय. आमच्या कॉलेजच्या नाट्यगृहाचे जुने पडदे उतरवून भंगारात टाकले होते. लाल मखमल. घड्यांच्या जागी उन्हाने फिकट पट्टे पडलेत, तेच मी झालरीत आणणार आहे, वळलीस की लाल आणि गुलाबी उलटसुलट दिसेल. गोलाई कापायची तर कात्रणं उरणारच. नुसती गोलाई आखतानाच माझा हात अडला. किती दिवस मी शून्य शून्य म्हणून नाचतोय! मग वाटलं, कपडा टाकला का जातो? तो आपला वाटत नाही म्हणून. कोणाचाही असला की टिकेल, हे मी गृहीत धरलं होतं. एखादा इतका एकाच माणसाचा असेल की ती तो कधी हातातून सोडणारच नाही, तर तोही टिकेलच की. हे बरोबर आहे की मी स्वतःची समजूत घालतोय, कळत नाही. सगळं पुन्हा हललंय. तुझ्या कमरेची कात्रणं भावोजींच्या कोटाच्या कॉलरला लावणार आहे. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलंय, शिव्यांबद्दल माफी मागून. त्यांना शिव्या दिल्या होत्या हे त्यांना माहीतच नव्हतं, ते आता कळलं असेल.

लग्न झालं नाही तरी ड्रेस तुझाच आहे.

आणि झालं, तर मी घेर घालूनच येईन. कोणी विचारलं तर "माझा भाऊ" म्हणायचं. लांबचा नाही, यंत्रं नाहीत. ते जमणार नसेल तर ड्रेस पोस्टाने येईल.

भिंगरी


१४ नोव्हेंबर

भिंगरी,

मापं सोबतच्या कागदावर आहेत. टेप ओढलेली नाही. खिसे दोन.

काल हे नव्या घरी आले. हातात तुझं पत्र होतं आणि चेहऱ्यावर कसंबसं दाबलेलं हसू. "तुझ्या भावाने मला काय काय म्हटलंय, वाच," म्हणाले. दिवाणखान्यात खुर्च्याही नाहीत अजून, खोक्यांवर बसून आम्ही बोललो. सगळं मिटलं असं नाही. पण तारीख तीच आहे.

मी म्हणेन, "माझा भाऊ." आरशासमोर म्हणून बघतेय. वेड्यासारखं वाटतं.

ताई


१९ डिसेंबर

प्रिय ताई,

सही करून जेवण अर्धवट टाकून पळालो, त्याबद्दल आईची बोलणी फोनवर खाऊन झाली. ज्युरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

भिंतीवर तुझ्या ड्रेसची रेखाटनं लावली होती, मॅडमच्या शेजारी बाहेरून आलेले दोन परीक्षक होते. त्यातले एक म्हणाले, "विषय 'कोणाचाही' आणि कपडा इतका एकीचा, हे जुळत नाही." मी म्हटलं, "नाही जुळत. माझंही जुळलेलं नाही." ते काहीतरी लिहीत राहिले. मार्क बेताचेच पडले. मी पास आहे.

एक विचारायचं होतं. फोटो आले का? जेवणाच्या मधेच सगळ्यांना उठवून तो फोटोवाला म्हणाला ना, "बायका नवरीकडे, पुरुष नवऱ्याकडे." सगळे भराभर सरकले आणि मी मधेच उभा. त्याने माझ्या घेराकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाला, "तुम्ही... तुम्ही कुठे?"  मी तुझ्याकडे बघितलं, तू खाली बघत होतीस. म्हणून दाराकडे निघालो. मागून हाक आली, शब्द कळले नाहीत, वळलो तोपर्यंत फ्लॅश पडून गेला होता आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं; गाडी गाठायची होती, तसाच निघालो. भावोजींना सांग, हाक मारल्याबद्दल आभार. त्यांचा आवाज इतका चिरका असेल असं वाटलं नव्हतं.

फोटोत मी नसेन बहुतेक. असो.

भिंगरी


२८ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

मी खाली बघत होते, हे खरं आहे. आरशासमोर इतक्यांदा म्हटलेले दोन शब्द तोंडातून निघेनात. यांच्या आई माझ्याकडे बघत होत्या, बाबा यांच्या बाजूच्या रांगेत टोकाला उभे होते, लॅबमधल्या सगळ्या जणी माझ्या मागे. मग तुझी पाठ दिसली, आणि दाराचं हँडल धरायला पुढे गेलेला हात दिसला.

ती हाक यांची नव्हती. हे उलट दचकून माझ्याकडे बघायला लागले. आवाज माझाच होता, फाटलेला, मलासुद्धा ओळखू आला नाही. "थांब! तो माझा भाऊ आहे, तो इथे राहील," असं मी ओरडले म्हणे. यांच्या आई नंतर म्हणाल्या, "अगं, इतकं ओरडायला काय झालं, आम्ही कुठे नाही म्हटलं?" आता त्या "ध्यान" म्हणणाऱ्या लॅबवालीला सगळं सांगून झालंय, ती माझ्याशी बोलत नाही.  बाबांनी फोटोची एक प्रत मागून घेतली.

दुसरी सोबत पाठवतेय. सगळे ताठ उभे आहेत, बायका इकडे, पुरुष तिकडे. मी रांग सोडून पुढे आलेय, हात लांब केलेला, झालर अर्धी वर उडालेली, तोंड उघडं. मधोमध तू आहेस, वळताना, घेरासकट. तुझा चेहरा नीट दिसत नाही, तू हललेला आलायस.

फोटोवाला म्हणाला, "हा बिघडला, दुसरा काढू."

मी नको म्हटलं.

तुझी ताई